चलानावर मर्यादा ८०, वेग ९७: मग १०० ची परवानगी कुठे गेली?

सुदामानगरातल्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे: "इंदूर-देवास रस्त्यावर आमच्या मोटारीला जास्त वेगाचे ई-चलान आले. चलानावर मर्यादा ८० आणि मोजलेला वेग ९७ लिहिला आहे. दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर मोटारीला १०० पर्यंत परवानगी आहे ना? गाडी मुलगा चालवत होता, त्याच्याजवळ पक्के लायसन आहे. मीटरचा काटा ८५ च्या वर गेलाच नव्हता असे तो म्हणतो. पैसे भरून मोकळे व्हावे की तक्रार करावी? दिवाळीत याच गाडीने पुण्याला जायचे आहे, तिकडचे नियम वेगळे आहेत का?"

१०० चा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या मदतीला येणार नाही. त्या जागी ८० ची पाटी लावलेली असेल आणि यंत्राने बरोबर मोजले असेल, तर चलान योग्यच आहे. तरीही लगेच पैसे भरून टाकू नका. आधी चलान नीट वाचा. हजार-दोन हजार रुपये हा यातला लहान भाग आहे, खरा प्रश्न मुलाच्या लायसनचा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे वेगमर्यादा दोन टप्प्यांत ठरते. केंद्र सरकार प्रत्येक प्रकारच्या वाहनासाठी कमाल वेग ठरवते. त्या मर्यादेच्या आत राहून राज्य सरकार, किंवा राज्याने अधिकार दिलेला अधिकारी, एखाद्या रस्त्यासाठी, पुलासाठी किंवा वस्तीसाठी ती आणखी खाली आणू शकतो. वर मात्र नेऊ शकत नाही. केंद्राचे आकडे ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत आहेत. चालक सोडून आठपर्यंत आसने असलेल्या मोटारीला प्रवेशनियंत्रित द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चारपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १००, महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर ७० आणि बाकीच्या रस्त्यांवरही ७०. नऊ किंवा अधिक प्रवाशांच्या बसला याच क्रमाने १००, ९०, ६०, ६०. मालवाहू गाड्यांना ८०, ८०, ६०, ६०. मोटारसायकललाही तेच आकडे, आणि द्रुतगती मार्गावर तिला मुळात प्रवेश असेल तरच तिथले ८०. तीनचाकीला सगळीकडे ५०, द्रुतगती मार्गावर प्रवेशच नाही. ई-रिक्षा तर २५ च्या वर जाऊ नये अशीच बनवलेली असायला हवी.

तुमचे १०० आले ते इथून. पण ते 'याच्या वर कुठेच नाही' असे सांगणारे आकडे आहेत. रस्त्यावर लागू होतो तो लाल कड असलेल्या गोल पाटीवरचा आकडा. कलम ११२ नुसार मर्यादा खाली आणायची तर राजपत्रात अधिसूचना हवी आणि कलम ११६ प्रमाणे रस्त्यावर पाटीही हवी. एक महिन्यापेक्षा जास्त न टिकणाऱ्या तात्पुरत्या बंधनाला अधिसूचना लागत नाही. पुलाचे काम, रस्ता खोदलेला, मिरवणुकीचा मार्ग, असल्या ठिकाणच्या मर्यादा या सवलतीतून येतात. म्हणून कामाच्या जागी ३० ची पाटी दिसली तर 'ही कंत्राटदाराने लावली असेल' असे समजून गाडी पुढे दामटू नका. तिथे गिट्टी पडलेली असते, लेन अचानक संपते आणि झेंडी धरलेला मजूर डांबरापासून हातभर अंतरावर उभा असतो.

पाट्यांमध्ये लोकांची गल्लत होते ती तीन ठिकाणी. पांढऱ्यावर लाल गोल म्हणजे कमाल वेग, तो मोडला की गुन्हा. निळ्या गोलातला आकडा किमान वेगाचा असतो. आकड्यावर किंवा गोलावर तिरकी रेघ असेल तर आधीचे बंधन संपले. आपण नेमके अडकतो ते या शेवटच्या पाटीपाशी. ६० च्या पट्ट्यातून निघालो, रस्ता मोकळा दिसला, वेग वाढवला, पण बंधन संपल्याची पाटी अजून पुढे असते. पाटी दिसेपर्यंत जुनीच मर्यादा चालू आहे असे धरायचे.

शहरात ७० ची मुभा आहे म्हणून सुपर कॉरिडॉरवर किंवा रिंग रोडवर सरसकट ७० धरून चालणारे बरेच आहेत. पाटी कमी सांगत असेल तर पाटीच खरी. आणि पाटी नसली तरी चौराहा, पादचारी पट्टा, शाळेचे फाटक, वळण आले की वेग कमी करणे बंधनकारक आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत ते स्वतंत्रपणे सांगितले आहे. राजवाड्याच्या किंवा मल्हारगंजच्या गल्लीत ४० चा वेगसुद्धा धोकादायक वाहन चालवणे ठरू शकतो.

आता दंड. कलम १८३ मध्ये २०१९ ला दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून नवे आकडे आले. हलक्या मोटार वाहनाला कमीत कमी १,००० आणि जास्तीत जास्त २,००० रुपये. मध्यम आणि जड माल किंवा प्रवासी वाहनाला २,००० ते ४,०००. हलके म्हणजे ७,५०० किलोपर्यंत, त्यामुळे बाजारात फिरणारे लहान टेंपोही पहिल्याच गटात येतात. दुचाकीलाही व्यवहारात पहिल्या गटाचीच रक्कम लावतात. कायद्यात ही जी खालची-वरची टोके आहेत त्यांमधली तडजोडीची रक्कम कलम २०० खाली राज्य ठरवते. एकाच गुन्ह्याला मध्य प्रदेशात एक रक्कम आणि महाराष्ट्रात दुसरी दिसते ती म्हणून. तडजोड म्हणजे न्यायालयात न जाता रक्कम भरून प्रकरण मिटवणे. ती रक्कम भरलीत की गुन्हा झाला हे तुम्ही मान्य केलेत असाच व्यवहारात अर्थ घेतला जातो.

आता लायसन. कलम १८३ म्हणते की दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर हाच गुन्हा झाला तर चालकाचे लायसन कलम २०६(४) प्रमाणे जप्त करायचे. ते लायसन मग आरटीओकडे जाते आणि कलम १९(१अ) लागू होते. चालकाला म्हणणे मांडायची संधी मिळते. पटले नाही तर पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्रता, पुन्हा झाल्यास लायसन रद्द. अपात्र ठरलेल्याचे नाव जाहीर करण्याची तरतूद आहे, आणि लायसन परत हवे असेल तर उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. इथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कलम २०६(४) मध्ये कलम १८३ चा उल्लेख सरसकट आहे, म्हणजे पहिल्या गुन्ह्यातसुद्धा लायसन जप्त होऊन आरटीओकडे जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये सर्व राज्यांना सांगितले होते की अतिवेग, सिग्नल तोडणे, दारू पिऊन चालवणे, चालवताना मोबाइलवर बोलणे यांत किमान तीन महिने लायसन निलंबित करा. दरवेळी तसे होत नाही, पण ज्या दिवशी होईल त्या दिवशी 'मला कोणी सांगितले नव्हते' याला किंमत नसते. मुलगा नुकता नोकरीला लागला असेल, रोज पीथमपूरला स्वतः गाडी चालवत जात असेल, तर तीन महिने म्हणजे काय हे त्यालाच विचारा. निलंबनाच्या काळात गाडी चालवली तर तो वेगळा गुन्हा, आणि त्यात अपघात झाला तर विमा कंपनीशीही वाद सुरू होतो.

९७ वर प्रकरण कलम १८३ मध्ये थांबले हे तुमचे नशीब. तोच वेग वाहनांच्या मधून नागमोडी चालवत, चुकीच्या बाजूने ओलांडत किंवा हातात मोबाइल धरून असता तर कलम १८४ लागले असते. त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. मोकळ्या रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यांसाठी कलम १८९ आहे: पहिल्यांदा तीन महिने कैद किंवा ५,०००, नंतर एक वर्ष किंवा १०,०००. कोणी मेले तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१), निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ मध्ये हीच मर्यादा दोन वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून ती वाढली हे अजून पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही.

घरात सोळा-सतरा वर्षांचे मूल असेल तर एक वेगळे कलम पाठ करून ठेवा, १९९-अ. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. 'मला माहीत नव्हते' हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर असते. कोचिंगला जायला ॲक्टिव्हाची किल्ली हातात देताना हे सगळे त्या किल्लीबरोबरच देतो आपण.

चलानात आता काय बघायचे? कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी कलम १३६-अ आहे आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ आला. स्पीड कॅमेरा असो, स्पीड गन असो की नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा, यंत्राला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण हवे. कॅमेऱ्याची नजर असलेल्या पट्ट्याच्या आधी तशी सूचना देणारी पाटी हवी. २०२१ च्या नियमात गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायला सांगितले आहे. चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, जागा, मोडलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे.

चूक निघाली तर ती बहुधा छायाचित्रातच निघते. मोठे करून बघा. चौकटीत एकच गाडी आहे का? दोन गाड्या शेजारी-शेजारी असतील तर मोजलेला वेग कोणाचा हे निशाणीच्या खुणेवरून कळायला हवे. नंबर प्लेटवर ८ ला बी, शून्याला डी, १ ला आय वाचला गेला आहे का? गाडीचा रंग आणि मॉडेल तुमचेच आहे का? दुसऱ्याच गाडीवर तुमचा नंबर लावून फिरणारे असतात. तसे दिसले तर फक्त चलानाची तक्रार पुरत नाही, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत जपून ठेवा, नाहीतर पुढचे चलानही तुमच्याच नावावर येईल. उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली नसेल तर तीही बसवून घ्या.

कॅमेरा कोनातून बघतो म्हणून वेग जास्त दाखवतो, असे लोक ठामपणे सांगतात. रडारच्या बाबतीत ते उलट आहे. रडार मोजते ते गाडी यंत्राच्या दिशेने किती वेगाने येते ते. गाडीची दिशा आणि किरणाची दिशा यांत २० अंशांचा कोन असेल तर १०० चा वेग ९४ च्या आसपास दिसतो. कोनाची चूक चालकाच्या बाजूने जाते. लेझर गनही मागे-पुढे काही क्षणांत घेतलेल्या अंतरांवरूनच वेग काढते. तेव्हा खरी शंका घ्यायची ती कोणत्या गाडीचा वेग मोजला आणि यंत्राचे प्रमाणपत्र चालू होते का, या दोन गोष्टींवर. पोलिसाने नुसते डोळ्यांनी बघून 'फार जोरात होता' म्हटले, तर कलम १८३(३) प्रमाणे एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, अंदाजामागे यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्र हवे.

मुलाच्या ८५ च्या म्हणण्याबद्दल. मोटारीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असाच बनवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे दाखवलेला वेग खऱ्या वेगाएवढा किंवा जास्त हवा, आणि जास्तीची मर्यादा खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर. म्हणजे मीटरवर ८५ दिसत असेल तर खरा वेग साधारण ७४ ते ८५ च्या दरम्यान. खरा वेग ९७ असताना मीटरने ८५ दाखवणे ठाकठीक गाडीत होत नाही. होऊ शकते ते एकाच कारणाने: कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर बसवलेले असतील तर चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि मीटर मागे पडतो. तसेही बारा किलोमीटरचा फरक पडायला टायरचा घेर एक-अष्टमांशापेक्षा जास्त वाढलेला असायला हवा, तो नुसत्या डोळ्यांनाही कळेल. टायरच्या बाजूला लिहिलेले माप आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचे माप जुळवून बघा. जुळत असेल तर मीटरचा मुद्दा सोडून द्या.

आणखी एक गैरसमज त्या टिंग-टिंग आवाजाचा. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारींमध्ये ८० ओलांडल्यावर थांबून थांबून आणि १२० ओलांडल्यावर सतत आवाज येतो. तो आवाज पाटी वाचून येत नाही. ६० च्या पट्ट्यात ७८ ने जाताना गाडी गप्पच असेल आणि चलान घरी येईल.

तक्रार करायची की भरायचे, याचा निर्णय छायाचित्र बघून करा. परिवहन विभागाच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसीस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे टाकले की चलान उघडते. तिथेच तक्रार नोंदवायची सोय आहे. मुद्दा एका वाक्यात लिहा, 'छायाचित्रातील वाहनाचा क्रमांक वेगळा आहे' असा, आणि आरसी व गाडीचे समोरचे छायाचित्र जोडा. तीन परिच्छेदांची कैफियत कोणी वाचत नाही. चलानावर छापलेली मुदत पाळा. मुदत गेली की प्रकरण आभासी न्यायालयात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या व्हर्च्युअल कोर्टात, जाऊ शकते. तिथे दोनच मार्ग दिसतात: दंड भरणे किंवा लढणे. लढायचे निवडले की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात वर्ग होते आणि तारखेला हजर राहावे लागते. म्हणून ठोस चूक हातात असेल तरच हा मार्ग घ्या. थकलेले चलान आपोआप विरघळून जाते हा समज सोडा. गाडी विकताना, दुसऱ्या राज्याचा ना-हरकत दाखला काढताना इंदूरला नायता मुंडल्याच्या आरटीओत तेच चलान समोर येते.

छायाचित्र स्वच्छ असेल, पाटी तिथे असेल, तर रक्कम भरा, पावती जपा, आणि मुलाला सांगा की दुसरे चलान येऊ द्यायचे नाही. गाडी कोण चालवत होते हे लपवू नका. कलम १३३ प्रमाणे विचारणा झाल्यावर चालकाचे नाव, पत्ता, लायसनची माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे, माहिती दडवली तर कलम १७९ खाली २,००० पर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला वाचवायला तुम्ही स्वतःचे नाव दिलेत तर नोंद तुमच्या लायसनवर बसेल, आणि मुलगा आपली सवय तशीच पुढे नेईल.

भरताना एक खबरदारी. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडताच फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, पाठवून फोनमधले बँक खाते रिकामे करणाऱ्या टोळ्या सध्या फार आहेत. खरे चलान कधी ॲप उतरवायला सांगत नाही. लिंक उघडायचीच असेल तर पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा. त्याहून बरे म्हणजे लिंक न दाबता संकेतस्थळ स्वतः उघडून नंबर टाका.

"९७ काय आणि ८० काय, रस्ता मोकळाच होता," असे घरात कोणी म्हणत असेल तर हिशोब मांडून दाखवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत समोरचे दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत लागणारे अंतर ४० ला ४५ मीटर, ६० ला ८०, ८० ला १२० आणि १०० ला १८० मीटर धरतात. समजा समोर विनारिफ्लेक्टरची ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली आणि दोन गाड्यांनी एकाच जागी ब्रेक दाबला, एक ८० ची, एक ९७ ची. पहिली जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसरी अजून ताशी ५५ किलोमीटरने पुढे चाललेली असते. हे प्रतिक्रियेचा वेळ सारखा धरून नव्हे, तो सोडून देऊन काढलेले आहे. तो धरला तर अडीच सेकंदांत ९७ ची गाडी आणखी बारा मीटर पुढे गेलेली असते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १७ किलोमीटर जास्त वेगाला जवळजवळ दीडपट. रात्री डिपरवर जेमतेम ४०-५० मीटर रस्ता उजळतो, तेव्हा ८० सुद्धा जास्तच. बदल्यात मिळते काय? इंदूर ते उज्जैन साधारण ५५ किलोमीटर. सगळा रस्ता ८० ऐवजी १०० ने गेलात, तरी आठ-नऊ मिनिटे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या अपघाती मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. त्या वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली.

पुण्याच्या प्रवासाबद्दल. सेंधवा ओलांडून महाराष्ट्रात शिरलात की केंद्राचे कमाल आकडे तेच राहतात, पाट्या आणि तडजोडीच्या रकमा बदलतात. महाराष्ट्रात मोटारीसाठी अतिवेगाची रक्कम २,००० आहे. पुण्याहून पुढे मुंबईला जाणार असाल तर द्रुतगती मार्गावर मोटारीला मुख्य भागात १०० आहे, बोरघाटात त्याहून बरीच कमी. घाट सुरू होताना पाटी येते आणि कॅमेराही, तेव्हा वेग पाटीच्या आधी उतरलेला असू द्या.

त्याआधी तुमच्याच वाटेवर मानपूर-धामनोद दरम्यानचा गणपती घाट आहे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. इंजिनाची धरून ठेवण्याची ताकद जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, पाय सतत पेडलवर राहिला की ब्रेक तापतात आणि मग दाबूनही धरत नाहीत. जड वाहनांचे ब्रेक असेच जाऊन या घाटात अनेक अपघात झाले आहेत. चढताना जो गियर लागला असता त्याच गियरमध्ये उतरा, ब्रेक थोडा वेळ नीट दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ट्रकच्या पुढे लगेच शिरून वेग कमी करू नका, तो तुमच्याइतक्या अंतरात थांबू शकत नाही.

गाडी न नेता रात्रीच्या खासगी बसने जायचे ठरले तरी एक गोष्ट माहीत असू द्या. बस-ट्रकसारख्या वाहतूक वाहनांना नियम ११८ प्रमाणे ८० वर अडवणारा स्पीड गव्हर्नर हवा. शाळेच्या बस, टँकर आणि डंपरना ६० वर. जानेवारी २०१८ मध्ये इंदूरच्या बायपासवर शाळेच्या बसच्या अपघातात चार मुले आणि चालक गेले, तेव्हापासून या शहरात पालकांनी बसचा गव्हर्नर विचारायला सुरुवात केली, आणि ती सवय सुटू देऊ नये. बसचे वेळापत्रकच मर्यादा मोडल्याशिवाय पाळता येणार नाही असे असेल, तर कलम १८३(४) प्रमाणे ते वेळापत्रक लावणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरते. चालकाला घाई करायला लावणारा मालकही याच कलमात येतो. तिकीट काढताना 'सर्वांत लवकर पोहोचवणारी बस' शोधणाऱ्या प्रवाशाने याचा विचार करावा.

महाराष्ट्रातली चलाने राष्ट्रीय संकेतस्थळावर लगेच दिसतीलच असे धरू नका. महाट्रॅफिकचे वेगळे संकेतस्थळ आहे, तिथे गाडीचा नंबर आणि चॅसीस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात. परत आल्यावर आठवड्याभराने आणि मग महिन्याने असे दोनदा बघा. निघण्यापूर्वी आरसीवरचा मोबाइल नंबर चालू आहे ना तेही तपासा. जुना नंबर असेल तर चलानाचा संदेश दुसऱ्याच माणसाला जातो आणि तुमची मुदत इकडे निघून जाते. नंबर बदलण्याचा अर्ज परिवहन सेवेच्या संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो.